मोटारीचा सुटा भाग विमानाला चालतो का?

गाडी दुरुस्तीला टाकली की गॅरेजमधला मेकॅनिक एक प्रश्न हमखास विचारतो : 'ओरिजिनल टाकू की लोकल?' खिशाचा अंदाज घेऊन मालक उत्तर देतो आणि विषय तेथेच संपतो. लोकल भागाने दगा दिला, तर फार तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते आणि दोन शिव्या हासडून माणूस रिक्षाने घरी जातो. हाच प्रश्न दोन-चार आसनी छोट्या विमानांच्या मालकांना आणि तंत्रज्ञांनाही गेली अनेक दशके पडत आला आहे. वरवर पाहता तो वाटतो तितका अविचारीही नाही. सेस्ना कंपनीच्या अनेक विमानांच्या इंजिनावर बसवलेला आल्टरनेटर हा मुळात फोर्ड मोटारीच्या आल्टरनेटरचा सख्खा भाऊ आहे. पायपर कंपनीच्या कित्येक विमानांवर क्रायस्लर मोटारींच्या जातकुळीतला आल्टरनेटर दिसतो. मोटारीच्या दुकानात हाच भाग विमानाच्या अधिकृत भागाच्या तुलनेत फारच स्वस्त मिळतो. असे असूनही तो दुकानातून आणून प्रमाणित विमानाला परस्पर बसवणे नियमबाह्य ठरते.

यामागे केवळ सरकारी लालफीत आहे, असा समज पुष्कळांचा असतो. तो पूर्णतः खोटा नाही; पण पूर्णतः खराही नाही. मोटारीचा भाग चांगला की वाईट, हा या वादातील खरा मुद्दा नव्हेच. तो भाग नेमका कसा बनला आहे, आकाशात बंद पडल्यास काय होईल आणि याची हमी कोण देणार, हे तीन प्रश्न महत्त्वाचे आहेत.

एकाच कुळातील दोन यंत्रे

मोटार आणि विमान यांच्या इंजिनांचे नाते जुने आहे. आज छोट्या विमानांच्या इंजिनांत लायकमिंग आणि कॉन्टिनेंटल ही दोन अमेरिकी नावे अग्रगण्य मानली जातात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या दोन्ही कंपन्या मोटारींची इंजिने बनवत होत्या. ऑबर्न, कॉर्ड आणि ड्यूसेनबर्ग या त्या काळच्या नामांकित मोटारींना लायकमिंगची इंजिने होती. मिनेसोटा राज्यातील बर्नार्ड पीटनपोल यांनी १९२९ मध्ये फोर्डच्या 'मॉडेल ए' मोटारीचे इंजिन जवळजवळ जसेच्या तसे आपल्या 'एअर कॅम्पर' या लाकडी विमानाला बसवून ते उडवले. त्या विमानाचे आराखडे वापरून हौशी मंडळी आजही विमाने बांधतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर छोट्या विमानांचा धंदा वाढला. १९५६ पासून बाजारात आलेल्या 'सेस्ना १७२' या चार आसनी विमानाची आजवर ४४ हजारांहून अधिक निर्मिती झाली असून, जगात सर्वाधिक संख्येने बनलेले विमान म्हणून त्याची ओळख आहे. मात्र मोटारींच्या तुलनेत ही संख्या अगदीच किरकोळ म्हणावी लागेल. ४४ हजार मोटारी एखादा मोठा कारखाना काही आठवड्यांत बनवून मोकळा होतो. एवढ्या छोट्या बाजारासाठी स्वतंत्र आल्टरनेटर, स्टार्टर किंवा व्होल्टेज रेग्युलेटर घडवणे कोणालाच परवडणारे नव्हते. म्हणून विमान कंपन्यांनी मोटार उद्योगातील तयार रचना उचलल्या, त्यांत हवे ते फेरफार केले, चाचण्या घेतल्या आणि त्यांना विमानाच्या भागाचा दर्जा मिळवून दिला. मोटारीचा भाग विमानात शिरला तो असा रीतसर, पुढच्या दाराने.

पुढे हा बाजार आणखी आक्रसला. अमेरिकेत १९७८ मध्ये सुमारे १८ हजार छोटी विमाने तयार झाली होती. १९९४ मध्ये हा आकडा हजाराच्याही खाली आला. नवी विमाने कमी होत गेली आणि जुनीच चालवत राहण्याची वेळ आली. ३०-४० वर्षांच्या विमानाला सुटे भाग मिळणे जसजसे कठीण आणि महाग होत गेले, तसतसा मोटारीच्या दुकानाचा मोह वाढत गेला.

काम तेच, ताण वेगळा

मोटारीचे इंजिन बहुतेक वेळ आरामात असते. महामार्गावर एका वेगाने धावणारी मोटार आपल्या इंजिनाच्या एकूण शक्तीचा लहानसा हिस्साच वापरते. चढ किंवा ओव्हरटेक आला की काही सेकंद जोर लावायचा, पुन्हा विश्रांती. विमानाच्या इंजिनाला ही चैन नसते. उड्डाणाच्या वेळी ते पूर्ण शक्तीने चालते आणि नंतरही तासन् तास ६५ ते ७५ टक्के शक्तीवर राहते. सेस्ना १७२ च्या अनेक मॉडेलांत असलेले लायकमिंगचे 'ओ-३२०' इंजिन सुमारे ५.२ लिटरचे असूनही १५० ते १६० अश्वशक्तीच देते आणि मिनिटाला फक्त २,७०० फेरे फिरते. आजच्या मोटारींच्या मानाने ही आकडेवारी मागासलेली वाटेल. पण ती जाणूनबुजून ठेवलेली आहे. संथ फिरणारे, मोठ्या सिलिंडरांचे इंजिन सतत जोर लावूनही टिकते. या इंजिनाची पूर्ण खोलाई अर्थात ओव्हरहॉल करण्याची शिफारस २,००० तासांनंतरची आहे. ताशी सरासरी ५० किलोमीटर धरले, तर मोटारीच्या हिशेबात हे एक लाख किलोमीटर होतात, तेही जवळपास सदैव घाटच चढत असल्यासारखे.

दुसरा फरक पंख्याचा. मोटारीत इंजिनाची शक्ती क्लच, गिअरबॉक्स आणि टायर यांतून झिरपत रस्त्यावर पोहोचते. या प्रकारच्या विमानात मात्र धातूचा जड पंखा थेट क्रँकशाफ्टच्या टोकावर बसवलेला असतो. विमान वळते किंवा नाक वर-खाली करते, तेव्हा फिरत्या भोवऱ्याप्रमाणे हा पंखा दिशाबदलाला विरोध करतो आणि तो सारा ताण क्रँकशाफ्टवर येतो. १९६० च्या दशकातील शेवरलेच्या 'कॉर्वेर' मोटारीचे हवेने थंड होणारे सहा सिलिंडरी इंजिन घरगुती विमान बांधणाऱ्यांत लोकप्रिय झाले, तेव्हा हाच धडा त्यांना मिळाला. मोटारीत वर्षानुवर्षे निमूटपणे चाललेल्या क्रँकशाफ्टना काही विमानांत तडे गेले. अखेर क्रँकशाफ्टला रासायनिक प्रक्रियेने कठीण कवच देणे आणि पंख्याच्या बाजूला एक अधिकचे बेअरिंग बसवणे, हे उपाय करावे लागले. त्या क्रँकशाफ्टमध्ये दोष नव्हता. तो ज्या कामासाठी घडवला होता, ते काम बदलले होते.

तिसरा फरक हवेचा. उंचीवर हवा विरळ होते. विरळ हवा यंत्राला कमी थंड करते आणि विजेलाही कमी अडवते. त्यामुळे जमिनीवर नीट चालणाऱ्या प्रज्वलन यंत्रणेतील ठिणगी उंचीवर प्लगपर्यंत न जाता मधल्यामध्ये भलतीकडेच उडू शकते.

प्लग, पट्टा, फिल्टर आणि नळी

हे फरक एकेका भागात कसे उतरतात, हे पाहण्यासारखे आहे. लायकमिंग किंवा कॉन्टिनेंटलच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात आणि त्यांना वीज पुरवणारे मॅग्नेटोही दोन स्वतंत्र असतात. एक संच बंद पडला, तरी दुसऱ्यावर इंजिन चालते. हा प्लग १८ मिलिमीटर आट्यांचा आणि वरपर्यंत धातूच्या कवचात बंदिस्त असतो. ठिणगीमुळे निर्माण होणारी खरखर रेडिओत शिरू नये, हा त्यामागचा हेतू. मोटारीच्या प्लगला असे कवच नसते. तो थेट बसतही नाही. त्यासाठी जोडतुकडा लागतो.

मात्र येथेच या विषयातील गंमतही दिसते. ऑस्ट्रियातील रोटॅक्स कंपनीचे '९१२' हे इंजिन जगभरच्या हलक्या विमानांत सर्रास वापरले जाते. मोटारसायकली आणि बर्फावरच्या गाड्यांची इंजिने बनवणाऱ्या या कंपनीने आपल्या विमान इंजिनाला १२ मिलिमीटर आट्यांचे, मोटारसायकलच्या जातीचेच प्लग दिले आणि त्यासह इंजिनाची चाचणी करून प्रमाणपत्र मिळवले. म्हणजे मोटारीच्या जातीचा प्लग विमानात चालूच शकत नाही, असे नाही. तो कोणत्या इंजिनात चालतो, हे आधी कोणीतरी सिद्ध केलेले असावे लागते.

ऑइल फिल्टरचे उदाहरण अधिक बोलके आहे. फिल्टर चोंदला तर इंजिन तेलावाचून कोरडे पडू नये, म्हणून ठराविक दाबाला उघडणारी एक झडप तेलाला वळसा घालून पुढे जाऊ देते. हा दाब इंजिनागणिक वेगळा असतो. मोटारीचा एखादा फिल्टर आट्यांना अचूक बसतो, गळतही नाही. पण त्याची झडप चुकीच्या दाबाला उघडत असेल, तर न गाळलेले तेल इंजिनभर फिरत राहते आणि बाहेरून काहीच कळत नाही. शिवाय विमानाच्या फिल्टरला तारेने बांधून ठेवण्यासाठी भोक असलेला कान दिलेला असतो. सततच्या कंपनांनी फिल्टर सैल होऊन तेल वाहून गेले, तर वैमानिकाच्या हाती काही मिनिटेच उरतात. त्या तारेचे मोल मोटारीत कधी कळत नाही.

लायकमिंग इंजिनावरचा आल्टरनेटर रबरी पट्ट्याने फिरतो. हा पट्टा पंख्याच्या मागे असतो. तो बदलायचा तर पंखाच उतरवावा लागतो. किरकोळ किमतीचा पट्टा वाचवायला गेल्यास पुढे अर्ध्या दिवसाची मजुरी अंगावर येते. इंधनाच्या नळीचे गणित याहून गंभीर आहे. इंजिनाच्या कप्प्यात वापरायची विमानाची नळी सुमारे १,१०० अंश सेल्सियसच्या ज्वाळेत पाच मिनिटे तग धरते की नाही, याची कसोटी घेतलेली असते. आग लागल्यावर इंधन बंद करून विमान खाली उतरवण्यासाठी हीच मिनिटे कामी येतात. मोटारीच्या नळीला ही कसोटी लागू नसते, कारण मोटारीत माणूस दार उघडून बाहेर पडू शकतो.

तेल आणि पेट्रोल

सुटा भाग म्हणून ज्याचा विचार सहसा होत नाही, ते इंजिन ऑइलही या यादीत येते. मोटारीच्या उत्तम, महागड्या तेलात इंजिन स्वच्छ ठेवणारी धातूयुक्त रसायने असतात. हवेने थंड होणाऱ्या विमान इंजिनात थोडे तेल जळणे नेहमीचेच असते. त्याबरोबर ही रसायने जळून राख उरते, ती सिलिंडरमध्ये साचते, तापून लाल होते आणि ठिणगी पडण्यापूर्वीच इंधन पेटवते. या अकाली ज्वलनाने पिस्टन वितळू शकतो. म्हणूनच विमानासाठी राख न सोडणारे तेल वेगळे बनवले जाते. उलट रोटॅक्सच्या इंजिनात गिअरबॉक्सही त्याच तेलावर चालत असल्याने तेथे मोटारसायकलच्या धर्तीचे तेल सांगितलेले असते. एका विमानाचे अमृत दुसऱ्याचे विष ठरते, ते असे.

पेट्रोलचेही तसेच. अमेरिकेत सेस्ना १५० या विमानाला मोटारीचे पेट्रोल वापरण्याची पूरक मान्यता १९८२ मध्ये मिळाली आणि पुढे ती अनेक विमानांना लागू झाली. परंतु या मान्यतांमध्ये इथेनॉल मिसळलेले पेट्रोल चालत नाही. इथेनॉल जुन्या रबरी सील आणि नळ्यांवर परिणाम करते, शिवाय पाणी शोषून घेते. रोटॅक्सने आपल्या ९१२ मालिकेसाठी दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालवून घेतले आहे. भारतात २०२५ पासून पंपावरील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले आहे. त्यामुळे 'हे इंजिन मोटारीच्या पेट्रोलवर चालते' या परदेशी पुस्तकातील वाक्यावर येथे डोळे झाकून विसंबता येत नाही.

बंद पडल्यास काय?

प्रत्येक भागाची जोखीम सारखी नसते. पारंपरिक विमान इंजिनाचे मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः तयार करतात. त्यामुळे आल्टरनेटर बंद पडला, बॅटरीही संपली, तरी इंजिन चालत राहते. स्वच्छ दिवसा असे झाले तर वैमानिक जवळच्या धावपट्टीवर उतरतो. रात्री किंवा ढगांत रेडिओ, दिवे आणि उपकरणे मालवू लागली, तर तोच बिघाड जीवघेणा ठरू शकतो. कॉन्टिनेंटलच्या काही इंजिनांत आल्टरनेटर पट्ट्याऐवजी थेट दातेरी चाकाने फिरतो. तेथे त्याच्या जोडणीतील तुकडा तुटला, तर त्याचे अवशेष इंजिनाच्या आत जाण्याची भीती असते. म्हणजे बाहेरून सारखाच दिसणारा आल्टरनेटर एका इंजिनात केवळ गैरसोय करतो, तर दुसऱ्यात इंजिनच धोक्यात आणतो.

याचा सर्वांत ठळक दाखला जर्मनीत मिळाला. थीलर्ट या जर्मन कंपनीने मर्सिडीज-बेंझच्या 'ए क्लास' मोटारीतील डिझेल इंजिनावरून विमानाचे इंजिन विकसित केले आणि २००२ मध्ये त्याला प्रमाणपत्र मिळवले. इंधन कमी लागते, जेट विमानांचेच इंधन चालते आणि एका दांड्याने सारे नियंत्रण होते, म्हणून त्याचे मोठे स्वागत झाले. या इंजिनाचा सारा कारभार संगणकाकडे असतो आणि संगणकाला वीज अखंड लागते. ४ मार्च २००७ रोजी स्पायर येथे डायमंड कंपनीच्या 'डीए-४२' या दुइंजिनी विमानाची बॅटरी उतरली होती. बाहेरची वीज जोडून दोन्ही इंजिने चालू करण्यात आली. विमान हवेत उठले, चाके आत ओढण्यासाठी यंत्रणेने वीज घेतली, दाब क्षणभर कोसळला आणि दोन्ही इंजिनांचे संगणक एकदमच नव्याने सुरू झाले. दोन्ही पंखे थांबले. विमान कोसळत्या अवस्थेत उतरले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. त्यानंतर या संगणकांसाठी स्वतंत्र राखीव बॅटरी बसवण्यात आली. ज्या बॅटरीवर सेस्नाचे इंजिन हवेत मुळीच अवलंबून नसते, तिच्यावर येथे दोन्ही इंजिने टांगलेली होती. भाग तोच असला, तरी त्याचे महत्त्व त्याच्या जागेवरून ठरते.

कागदाची किंमत

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आल्टरनेटर मोटारीच्याच रचनेचा असेल, तर दुकानातील का नको? याचे उत्तर मोटार उद्योगाच्या पद्धतीत आहे. मोटार कंपन्या आणि त्यांचे पुरवठादार खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी बेअरिंग, डायोड, ब्रश यांसारखे अंतर्भाग वेळोवेळी बदलतात. खोक्यावरचा क्रमांक तोच राहतो आणि मोटारीला त्याने काही फरकही पडत नाही. विमानाच्या भागाला मात्र ही मुभा नाही. मंजूर आराखड्यातला लहानसा बदलही नियामकाच्या मान्य पद्धतीनेच करावा लागतो. प्रत्येक भाग कोणत्या खेपेतला, कोणत्या तारखेचा, कोणत्या विमानात गेला, याचा माग ठेवला जातो. एका भागात दोष सापडला, तर त्या खेपेतील सारे भाग शोधून उतरवता येतात. मोटारीच्या दुकानातून आणलेल्या भागाचा माग दुकानाच्या पावतीवर संपतो.

अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनचे, अर्थात एफएएचे नियम याच तत्त्वावर उभे आहेत. प्रमाणित विमानात जाणारा भाग मूळ उत्पादकाच्या परवान्याखाली बनलेला असावा लागतो किंवा 'पीएमए' या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी सुट्या भागांच्या निर्मितीची स्वतंत्र मान्यता त्याच्या उत्पादकाकडे असावी लागते. पीएमए मिळवणारा उत्पादक मूळ कंपनीचा असेलच असे नाही; आपला भाग मूळ भागाच्या तोडीचा आहे, हे त्याने चाचणीने वा गणिताने सिद्ध केलेले असते. सेस्नाच्या मालकाला फोर्ड जातीचा आल्टरनेटर मिळतो, तो या वाटेने. तो महाग असतो, कारण त्या किमतीत धातू आणि तांब्याबरोबर चाचण्या, नोंदी आणि उत्पादकावरील कायदेशीर जबाबदारीही धरलेली असते.

हा कागद खोटा निघाला तर काय होते, हे ८ सप्टेंबर १९८९ रोजी दिसले. नॉर्वेच्या पार्टनेअर कंपनीचे कॉन्व्हेअर-५८० जातीचे प्रवासी विमान ऑस्लोहून हॅम्बुर्गकडे जाताना डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व ५५ जण मरण पावले. शेपटीचा उभा पंख धरून ठेवणाऱ्या जोडणीत बनावट, कमी ताकदीचे बोल्ट वापरले गेल्याचे चौकशीत आढळले. ते विमान छोटे नव्हते आणि भाग इंजिनाचाही नव्हता. पण खोट्या सुट्या भागांविषयीच्या पुढील चर्चेत या अपघाताचा उल्लेख वारंवार होत राहिला. अमेरिकेने २००० मध्ये विमानाच्या सुट्या भागांबाबतच्या फसवणुकीसाठी कठोर शिक्षेचा स्वतंत्र कायदा केला.

नियमांतील मोकळ्या वाटा

तथापि, हे नियम आंधळे नाहीत. एफएएच्या नियमांत काही वाटा मुद्दाम मोकळ्या ठेवल्या आहेत. सर्वमान्य औद्योगिक किंवा सरकारी मानकानुसार बनलेले नट-बोल्ट यांसारखे प्रमाणभूत भाग वेगळ्या मान्यतेविना वापरता येतात, कारण मानकातच त्यांची पूर्ण व्याख्या असते. विमानाचा मालक स्वतःच्या विमानासाठी स्वतः भाग बनवू वा बनवून घेऊ शकतो. मात्र आराखडा, साहित्य, निर्मितीची पद्धत, गुणवत्ता तपासणी किंवा देखरेख यांपैकी कशात तरी त्याचा प्रत्यक्ष सहभाग हवा आणि तो भाग मूळ भागाच्या गुणधर्मांना उतरलेला हवा. दुकानातून भाग विकत आणून 'मी बनवला' म्हणणे यात बसत नाही. १९८० पूर्वी प्रमाणित झालेल्या जुन्या छोट्या विमानांसाठी पर्यायी भाग आणि साहित्य कसे मान्य करून घ्यावे, याविषयीचे मार्गदर्शन एफएएने २००९ मध्ये प्रसिद्ध केले. युरोपातही १,२०० किलोपर्यंतच्या साध्या विमानांत, सुरक्षिततेच्या दृष्टीने गौण असलेले काही भाग मालकाने स्वतःच्या जबाबदारीवर स्वीकारण्याची तरतूद आहे.

हौशी मंडळींनी स्वतः बांधलेल्या 'एक्स्पेरिमेंटल' वर्गातील विमानांना तर याहून अधिक स्वातंत्र्य आहे. फोक्सवॅगनच्या जुन्या बीटलपासून होंडा, सुबारूपर्यंतची इंजिने, मोटारीचे प्लग, कॉइल आणि आल्टरनेटर तेथे खुशाल वापरले जातात. त्या बदल्यात ही विमाने भाड्याने प्रवासी वाहतूक करू शकत नाहीत आणि आत बसणाऱ्याला विमान प्रमाणित नसल्याची सूचना ठळक अक्षरांत द्यावी लागते. स्वातंत्र्य आणि जबाबदारी एकाच खांद्यावर असावी, हे त्यामागचे सूत्र.

कागदावर विसंबण्याची दुसरी बाजूही आहे. पोर्शेने आपल्या '९११' मोटारीच्या इंजिनावरून 'पीएफएम ३२००' हे विमान इंजिन १९८० च्या दशकात प्रमाणित केले आणि ते मूनी कंपनीच्या विमानात बसले. काही वर्षांतच पोर्शेने या धंद्यातून अंग काढून घेतले आणि मालक सुट्या भागांसाठी पोरके झाले. अनेकांना अखेर इंजिनच बदलावे लागले. थीलर्ट कंपनीही २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा डायमंडच्या ग्राहकांना भागांच्या वाढलेल्या किमतींचा फटका बसला. मर्सिडीजच्या विक्रेत्याकडे कदाचित तसाच भाग उपलब्ध असला, तरी तो विमानात बसवता येत नव्हता, कारण मान्यता मोटारीच्या भागाला नव्हती, तर त्या विमान इंजिनाच्या कागदपत्रांत नोंदलेल्या भागाला होती. सुरक्षिततेची ही व्यवस्था उत्पादकाच्या आयुष्यावर अवलंबून असते, हे तिचे व्यंग नाकारता येणार नाही.

आपल्याकडे

हा विषय महाराष्ट्रालाही परका नाही. बारामती, धुळे, नागपूर, गोंदिया अशा ठिकाणी वैमानिक होऊ पाहणारी मुले-मुली अशाच पिस्टन इंजिनांच्या छोट्या विमानांवर पहिले धडे गिरवतात. बंगळुरूच्या राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेने विकसित केलेल्या 'हंसा-३' या प्रशिक्षण विमानालाही रोटॅक्सचेच इंजिन आहे. भारतात या साऱ्यावर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची अर्थात डीजीसीएची देखरेख असते. विमानात बसवायचा भाग योग्य स्थितीत असावा आणि त्यासोबत 'सीए फॉर्म १' किंवा त्याच्या तोडीचे परदेशी प्रमाणपत्र असावे, असा दंडक आहे. ते प्रमाणपत्र तपासून सही करणारा परवानाधारक अभियंता त्या भागाची जबाबदारी आपल्या नावावर घेत असतो.

हे भाग बहुतांशी परदेशातून येतात. रुपयाचा दर, सीमाशुल्क आणि वाट पाहण्यात जाणारे दिवस या साऱ्यांचा भार अखेरीस प्रशिक्षणाच्या खर्चावर पडतो. एक विमान भागावाचून उभे राहिले की अनेक विद्यार्थ्यांचे उड्डाणाचे तास लांबतात. अशा वेळी जवळच्या बाजारात तसाच दिसणारा भाग अल्प दरात मिळत असेल, तर मोह होणे मानवी आहे. पण त्या विमानात बसणारा विद्यार्थी इंजिनाचे झाकण उघडून भागावरचा क्रमांक वाचत नाही. तो अभियंत्याच्या सहीवर विश्वास ठेवून एकट्याने आकाशात जातो.

तेव्हा 'मोटारीचा भाग विमानाला चालतो का?' या प्रश्नाचे सरसकट उत्तर नाही. ज्या भागाची त्या इंजिनावर चाचणी झाली आहे, जो बंद पडल्यास काय होईल याचा विचार आधी झाला आहे आणि ज्याच्यामागे कोणीतरी नावानिशी उभे आहे, तो मोटारीच्या कुळातला असला तरी बेलाशक चालतो. यांतील एकही गोष्ट नसेल, तर तो कितीही नवा आणि चकचकीत असला तरी चालत नाही. गॅरेजमधल्या 'ओरिजिनल की लोकल' या प्रश्नात निवड किमतीची असते. विमानाच्या हँगरमध्ये निवड किमतीची नसून, त्या भागाची जबाबदारी कोण घेणार याची असते.